तलावाच्या पाण्याला वास येतोय

४ मार्च, सोमवार

दुकानात बसून लिहितेय. दुपारी चष्म्याच्या दुकानात कुत्रं फिरकत नाही, आणि मालक जेवायला गेले की पुढचा तासभर माझाच. लिहायचं कारण एवढंच की बोलायला कोणी उरलेलं नाही. हे बोलतात तर एका वाक्याला घामाघूम होतात, आणि वन्सं बोलायला लागल्या की मी घामाघूम होते.

सकाळी फिजिओ मुलगी येऊन गेली. म्हणाली, "काकू, खोलीतल्या व्यायामानं व्हायचं तेवढं झालं. आता काकांना पाण्यात उतरवा. पाण्यात अंग हलकं होतं, उजवा पाय उचलायला सोपा जाईल. घरात तलाव असून बाहेरून बघत काय बसलाय?" रोज थोडा वेळ, छातीएवढ्या पाण्यात. अर्धांगाच्या झटक्यानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे म्हणे. तेवढ्यात पाय परत आला तर आला, मग पुढे सगळं फार हळू होतं. डिसेंबरपासूनचे महिने तर असेच निघून गेले.

मला एकदम हुरूप आला. किती दिवसांनी कोणीतरी 'होईल' म्हणालं! ह्यांनी मात्र तिलाच विचारलं, "तू... रोज?"

"नाही काका, मी आठवड्यातून एकदा. रोज काकूच धरतील तुम्हाला. कमरेला पट्टा बांधायचा आणि त्यात हात घालून उजव्या बाजूला उभं राहायचं, बस."

ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ती गेल्यावर मी विचारलं, "काय हो, उद्यापासून सुरू करायचं?" बराच वेळ ओठ हलले. मग म्हणाले, "वास येतो. पाण्याला."

येतो खरा. आजवर मागच्या अंगणातला तो पोहण्याचा तलाव म्हणजे ह्यांचा प्रांत होता. पंप, फिल्टर, क्लोरीन, सगळं हेच बघायचे. मला तिथे फक्त चहा घेऊन जायची परवानगी. ह्यांनी अंथरूण धरल्यापासून मी आपली अंदाजानं क्लोरीनची पावडर टाकत आलेय, झाडांना पाणी घालावं तशी.

६ मार्च, बुधवार

ह्यांना विचारलं, वास कशाचा? म्हणाले, "क्लोरीन. जास्त." आणि डाव्या हातानं खूण केली, कमी कर.

जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. मी कोण उलट विचारणार? सवयीचं भांडं बाजूला ठेवलं आणि वाटीनं मोजून टाकायला लागले.

वन्सं म्हणाल्या, "अगं, पाण्यात काय घालायचं हे सुद्धा आजाऱ्याला विचारायचं का?" वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. मला मदत व्हावी म्हणून राहायला आल्यात. मदत करतात. माझ्या प्रत्येक कामाला नावं ठेवायचं काम त्यांनी अंगावर घेतलंय.

९ मार्च, शनिवार

आज मुहूर्त होता आणि पार फसला. फिजिओ मुलगी आधी स्वतः उतरली, पायऱ्या निसरड्या आहेत का बघायला. पाच मिनिटांत डोळे लाल करून वर आली. "काकू, हे पाणी ठीक करा आधी. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतंय. आणि भिंती शेवाळल्यात."

हे खुर्चीत बसून बघत होते. तोंड वाकडं असलं तरी मला ते ओळखता येतं. चक्क हायसं वाटलं होतं ह्यांना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून उठवा, आंघोळ घाला, पट्टा बांधा, खुर्ची ढकला, माझ्या कमरेचे बारा वाजलेत, आणि साहेबांना हायसं!

विचारलं, आता? म्हणाले, "अजून कमी कर."

केलं.

१४ मार्च, गुरुवार

लेकीचा फोन. ती दूर राहून घर चालवते आमचं. "आई, अजून क्लोरीन कसलं टाकताय? किती नवीन नवीन निघालंय. मिठावर चालणारी मशीन आहेत, ओझोन आहे, यूव्हीचा दिवा आहे, त्याखालून पाणी गेलं की जंतू खलास. बाबांना वास सहन होत नाही ना, मग बदला ना!"

म्हटलं, बाई, तू ये आणि बदल.

"मला सुट्टी कुठे आहे?"

ते झालंच. पण तिचं पटलं मला. ह्यांना सांगितलं, तर मान डोलावली आणि बऱ्याच खटपटीनं एक अख्खं वाक्य बोलले, "नीट चौकशी कर. घाई नको." डिसेंबरनंतरचं हे त्यांचं सगळ्यात मोठं भाषण. मी हरखूनच गेले.

१७ मार्च, रविवार

मिठाच्या मशीनवाला येऊन गेला. गोड बोलणारा. पाण्यात मीठ घालायचं, मशीन त्यातून आपोआप क्लोरीन तयार करणार. म्हटलं, अहो, मग शेवटी क्लोरीनच की! म्हणाला, "हो, पण हळूहळू, बेतानं. रोज हातानं टाकायची कटकट नाही."

मग खिशातून एक कागदी पट्टी काढून पाण्यात बुडवली. क्लोरीन असेल तर ती गुलाबी होते म्हणे. ती कोरीच राहिली. म्हणतो कसा, "बाई, तुमच्या पाण्यात क्लोरीन नाहीच जवळजवळ."

घ्या! नाक झोंबतंय, डोळे झोंबताहेत, आणि हा म्हणतो क्लोरीन नाही. मशीन खपवायला लोक काय काय करतील. आम्ही पण दुकानात गिऱ्हाइकाला जरा जास्त किमतीची काच सुचवतो, पण असं दिवसाढवळ्या खोटं नाही बोलत. ह्यांना विचारलं, काय हो, असं कसं होईल? ह्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांनाही त्याचा कंटाळा आला असणार. चहा न देताच त्याला वाटेला लावलं.

२३ मार्च, शनिवार

ओझोनवाला. हा माणूस कमी आणि व्याख्यान जास्त. ओझोन जंतू मारतो आणि लगेच उडून जातो, मागे काही उरत नाही. मी म्हटलं, छान. तर म्हणाला, म्हणून जोडीला थोडं क्लोरीन लागेलच. मला रडावं की हसावं कळेना. सगळ्या वाटा फिरून त्याच पावडरीच्या डब्याशी.

ह्यांनी विचारायला लावलं, आवाज किती होतो? जागा किती लागते? वीज गेली तर? प्रत्येक उत्तरावर अजून एक प्रश्न. फाटे फोडण्यात हे पहिल्यापासून पटाईत, पण आता एका फाट्याला पाच मिनिटं लागतात. ओझोनवाल्यानं दोनदा घड्याळ बघितलं.

तो गेल्यावर मला म्हणाले, "चष्मा. सापडला?"

"कुठला?"

"तुझा."

मी माझ्या नाकावरचा दाखवला. म्हणाले, "नाही. तो."

हे असं मधेच कुठलं तरी बोलतात. तो चष्मा डिसेंबरातच गेला. हे खोल बाजूच्या काठावर उभं राहून जाळीनं पानं काढत होते, तिथेच झटका आला आणि आत पडले. मी ओट्यापाशी होते, तशीच धावत जाऊन उतरले. पुढचं मला काही धड आठवत नाही. ह्यांची मान वर धरली होती एवढं आठवतं. शेजारच्या सुतारकाकांनी आम्हाला बाहेर ओढलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून नवा चष्मा घेतला, विषय संपला. हॉस्पिटल, औषधं, ह्यांचं खाणंपिणं, यातून चष्म्याचा विचार करायला सवड कुणाला होती?

२९ मार्च, शुक्रवार

दोन दिवस ताप. अंग नुसतं मोडून आलंय. तरी सकाळी ब्रश घेऊन तलावाच्या भिंती घासल्या, आडवं पडून, काठावरून हात जाईल तिथपर्यंत. पाणी आता हिरवट दिसतं. मी क्लोरीन टाकणं जवळपास बंदच केलंय, आणि वास हटायचं नाव घेत नाही.

वन्सं काठावर येऊन उभ्या राहिल्या. "बुजवून टाक हे एकदाचं. माती घालून वांगी लाव. निदान भाजी तरी होईल घरची."

एरवी मी खवळले असते. आज गप्प बसले. खरं सांगायचं तर मनात आलं, बुजवावंच. ह्यांचा पाय नाही आला तर नाही आला. आहे तसं धरून चालू. दुकानातून निघाले की पाय घराकडे वळत नाहीत माझे. कोपऱ्यावर उगीच उभी राहते, दुसऱ्यांच्या पिशव्या बघत. हे कोणाला सांगायचं?

फिजिओ मुलीनं आज विचारलं, "काकू, ठरलं का?" तिच्या तोंडाकडे बघवेना. ह्यांचा उजवा पाय अजून फरशीवरून घासतच येतो. तो आवाज मला दुकानातही ऐकू येतो.

२ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. यूव्हीचा दिवा. लेक खूश. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "अजून एक... चौकशी..."

मी म्हटलं, "बास. आता चौकशीची चौकशी नको. पुढच्या आठवड्यात माणूस येतोय बघायला. दिवा लागला, वास गेला की तुम्ही पाण्यात उतरताय."

ह्यांनी मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं. मला वाटलं काहीतरी हवंय. पाणी दिलं. प्यायले.

११ एप्रिल, गुरुवार

भराभर लिहितेय, अक्षर लागलं नाही तरी चालेल.

यूव्हीवाला आला. तिशीचा, दाढीवाला, गाडीवर कंपनीचं नाव. अंगणात पाऊल टाकलं, खुर्चीतल्या ह्यांना बघितलं आणि थेट पाया पडायला वाकला. "सर! ओळखलंत का? शेवटच्या बाकावरचा. तुम्ही मला 'फसफस' म्हणायचात, मी बाटली फोडली होती म्हणून."

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं. किती दिवसांनी घरात कोणी ह्यांना सर म्हटलं.

फसफसनं तलावाभोवती एक चक्कर मारली, नाक वर केलं आणि हसायलाच लागला. "काकू, क्लोरीन टाकायचं विसरलात का?"

म्हटलं, "विसरले कसली? जास्त होतंय म्हणून कमी केलंय. वास बघा ना."

"अहो, वास म्हणजेच तर क्लोरीन संपल्याची खूण! घाम, घाण, सगळ्यांशी झगडून ते थकलं की वास मारतं. टाकायचं असतं अजून. हे मी कुठे शिकलो? सरांच्याच वर्गात. सर गावातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी बाटलीत आणायचे, आम्हाला हुंगायला लावायचे, आणि ओरडायचे..." आणि त्यानं कमरेवर हात ठेवून ह्यांचा शाळेतला आवाज काढला. "'वास येतोय, तर काय करशील गाढवा? कमी करशील की वाढवशील?' आणि आख्खा वर्ग म्हणायचा, 'वाढवू, सर!'"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघत होते.

फसफसला काही कळलं नाही. दिवा बसवून देईन म्हणाला, पण आधी हे पाणी ताळ्यावर आणा, आणि दिवा लावला तरी थोडं क्लोरीन लागेलच. मी त्याला चहा दिला, खायला दिलं, फाटकापर्यंत सोडलं. परत आले आणि मग माझा तोल गेला.

"माहीत होतं तुम्हाला?"

मान हलली. हो.

"सहा मार्चपासून? मी वाट्या मोजत होते तेव्हा? मी तापात काठावर पालथी पडून भिंती घासत होते तेव्हा? त्या मिठवाल्याला मी खोटारडा ठरवला तेव्हा?"

हो.

"मग बरं व्हायचंच नाहीये का तुम्हाला? स्पष्ट सांगा! मी मरते का इथे तुमच्यामागे?"

वन्सं आतून धावत आल्या आणि जन्मात पहिल्यांदा एक शब्द न बोलता परत आत गेल्या. ह्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मी थांबले नाही. रोज थांबते. आज नाही थांबले. उठून गेले.

१२ एप्रिल, शुक्रवार

दुकानात सुट्टी टाकली. सकाळी ह्यांना उठवलं, सगळं केलं, एक शब्द बोलले नाही. चहाचा कप हातात दिला, तर हे घेईनात. म्हणाले, "बस."

बसले.

जे बोलले ते जसंच्या तसं लिहितेय. मधली थांबणी सोडून. सगळ्याला मिळून चहा थंडगार झाला.

"तू बुडत होतीस."

मी म्हटलं, काय?

"डिसेंबरात. मला सगळं दिसत होतं. तू मला वर धरायचीस आणि तू खाली जायचीस. परत वर, परत खाली. चष्मा पडताना दिसला. माझा हात शेजारीच होता. उचलेना."

मी कप खाली ठेवला.

"पाण्यात माझा पाय सरकला, की तू परत तेच करशील."

"करणारच," मी म्हटलं. "मग काय काठावर उभी राहू?"

"म्हणून," हे म्हणाले.

नंतर आम्ही दोघं रडलो. हे रडले की ह्यांचा अर्धाच चेहरा रडतो आणि ते बघून मला अजून रडू येतं. केवढे मूर्ख आहेत हे! सांगायचं होतं ना. माझ्यासाठी स्वतःचा पाय घालवायला निघाले होते, आणि मी दिव्यांच्या किमती विचारत फिरत होते. आणि मी तरी काय? पाणी गळ्यापर्यंत आलं होतं हे मला आठवत नाही म्हणून झालंच नाही, असं धरून बसले.

शेवटी मी नाक पुसलं आणि म्हटलं, "गल्लीतली सगळी पोरं तुमच्याकडे पोहायला शिकली. आता मला शिकवा."

म्हणाले, "या वयात?"

म्हटलं, "तुम्ही या वयात चालायला शिकताय ना?"

१४ एप्रिल, रविवार

दिव्याचं रहित केलं. फसफसला फोन केला, तो म्हणाला, "सर असताना दिवा कशाला, काकू?" लेक जरा फुगली. फुगू दे.

ह्यांनी सांगितलं तेवढी पावडर टाकली, सवयीच्या भांड्यानं, चांगली भरघोस. ह्यांची क्लोरीन तपासायची थेंबांची बाटली आणि काचेची नळी पंपाच्या खोलीतून शोधून आणली. पंप दिवसभर चालू. संध्याकाळी वास निम्म्यानं कमी.

१७ एप्रिल, बुधवार

पाणी नितळ. तळ दिसतो. खोल बाजूला कोपऱ्यात माझा चष्मा पडलेला. जाळीनं काढला. एक काडी तुटलीय. ह्यांनी हातात घेतला, शर्टाला पुसला आणि खिशात ठेवला. परत मागितला तर देईनात.

२१ एप्रिल, रविवार

पोहणं हे भल्या माणसाचं काम नाही. नाकात पाणी, कानात पाणी, जुना सलवार-कमीज फुग्यासारखा वर. आणि काठावरून खुर्चीतला हुकूम, "नाक... पाण्यात."

"घातलंय की!"

"नाही घातलं."

वन्सं पदर तोंडाला लावून हसतात. मी म्हटलं, वन्सं, या तुम्ही पण. म्हणाल्या, "अगंबाई, मला आपली वांगीच बरी."

फिजिओ मुलगी येते तेव्हा बाजूला उभी राहते. रोज दुकानातून आले की पाण्यात, मग स्वयंपाक, मग ह्यांचं सगळं. अंगात त्राण उरत नाही. पण एक सांगते, मला ओरडताना ह्यांचे शब्द अडत नाहीत.

२८ एप्रिल, रविवार

आज तरंगले. पाठीवर, हात सोडून. कान पाण्यात होते म्हणून हे काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. वर बघत पडून राहिले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा मी काहीच धरलेलं नव्हतं.

उठून बघितलं तर ह्यांनी दोन्ही डोळे पुसले होते. म्हणाले, "आता खोल बाजूला."

म्हटलं, जीव घ्या माझा.

३ मे, शुक्रवार

खोल बाजू एकदा पार केली. कुत्र्यासारखं पोहते मी, फिजिओ मुलीच्या शब्दांत. चालेल. काठाला हात लावून परत आले आणि ह्यांच्या खुर्चीपाशी धापा टाकत उभी राहिले. महिने तर निघून गेलेत, पाय किती परत येईल कुणास ठाऊक, पण आज मी 'उतरताय का?' विचारलं नाही. गेले कित्येक दिवस विचारलंच नाही.

हेच वाकले. डाव्या हातानं कठडा धरून काठावर टेकले, आधी डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. मग उजवा, डाव्या हातानं उचलून. पाणी घोट्यापर्यंत. मी खाली, पट्ट्याला हात न लावता, नुसती जवळ.

बराच वेळ तसेच बसून राहिले. मग नाक वर केलं, शाळेत बाटली हुंगायचे तसंच असणार.

म्हणाले, "क्लोरीन कमी आहे. वाढव."

मी नळी भरली, थेंब टाकले आणि उजेडात धरली. पाणी जेमतेम गुलाबी झालं. खरंच कमी होतं.